ओवाळणीचे यंत्र

नाक धरायचे असेल तर हात सरळ पुढून न्यावा, हे शहाण्या माणसाला सांगावे लागत नाही. पण तोच हात डोक्यामागून वळसा घालून नाकापर्यंत आणणारी माणसे आपल्यात फार पूर्वीपासून असली पाहिजेत. एरवी ‘द्राविडी प्राणायाम’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला नसता. आमच्या घराण्यात तर ही विद्या वंशपरंपरेने चालत आली आहे. गेल्या दिवाळीत तिचा जो प्रयोग सांगलीस झाला, त्याची ही हकीकत.

दसरा होऊन चारपाच दिवस झाले असतील. दुपारच्या चहाच्या वेळी फोन वाजला. पलीकडे सांगलीहून आक्काचा नातू. वय वर्षे अकरा, इयत्ता सहावी. प्रकृतीची विचारपूस वगैरे प्रस्तावनेत वेळ न घालवता त्याने एकदम विचारले,

“मामाआजोबा, मोटेला सोंड असते का हो?”

“असते.”

“कशाला?”

“पाणी ओतायला.”

“मग ओतणारा माणूस कुठे उभा असतो?”

“तिथं माणूस नसतोच. आपोआप ओततं. पण तुला हे कशाला हवंय?”

“यंत्रात बसवायचंय. आजी म्हणाली, तुझ्या मामाआजोबांना विचार. त्यांना सगळं माहीत असतं.”

हे शेवटचे वाक्य आक्काने कोणत्या सुरात उच्चारले असेल, ते मला साताऱ्यात बसून स्पष्ट ऐकू आले.

का ऐकू आले, ते सांगितले पाहिजे. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचे घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला, तेव्हा तिच्या माजघरात कंबरभर पाणी चढले. पाणी ओसरल्यावर घर वाळेपर्यंत ती साताऱ्याच्या आमच्या जुन्या वाड्यात येऊन राहिली. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, “वाडा आहे, म्हणून कुठंतरी जायला आहे रे.” पुढे दोन वर्षांनी मी तो वाडा विकला. कागदावर तिची सही लागत होती, ती तिने मुकाट्याने केली. तिचा वाटाही मी पैन्‌पै दिला. पण सौदा ठरल्याची बातमी तिला माझ्याकडून कळली नाही. एका लग्नाच्या पंगतीत तिसऱ्याच माणसाकडून कळली. सही मी मागितली, विचारले मात्र नव्हते.

त्यानंतर तीन भाऊबिजा गेल्या. पहिल्या वर्षी माझा गुडघा आडवा आला, दुसऱ्या वर्षी पाऊस, आणि तिसऱ्या वर्षी कारण शोधण्याचेही कष्ट मी घेतले नाहीत. ओवाळणी मात्र दरवर्षी वेळेवर जाई. फोनच्या काचेवर बोट टेकवले, की साताऱ्याचे पैसे सांगलीत! दोन सेकंदांत काम फत्ते. गुडघा नाही, गाडी नाही, तिकीट नाही आणि आक्काचे तोंड बघायला नको. इतके बिनचूक यंत्र जगात दुसरे नसेल.

तसे मी गप्प बसलो होतो असेही नाही. मुलाकरवी भाच्याला सांगून पाहिले, भाच्याकरवी त्याच्या बायकोला, आणि तिच्या हाती दोनदा कंदी पेढ्यांचे पुडे धाडले. एका वाक्याचे काम होते. ते एक वाक्य सोडून मी बाकी सारी खटपट केली.

असो. संध्याकाळी इंजिनियरसाहेबांकडून यंत्राचा नकाशा आला. वहीच्या दोन पानांवर शिसपेन्सिलीने काढलेला, वर ठळक अक्षरांत ‘ओवाळणीचे यंत्र’. भाऊबिजेची ओवाळणी भावाने हाताने न घालता ती यंत्राने तबकात टाकावी, एवढाच हेतू. त्यासाठी पायऱ्या बारा. भाऊ पाटावर बसतो; पाटाखाली एका टोकाला रबरी चेंडू असल्यामुळे पाट तरफेसारखा कलतो, ही पहिली. कललेला पाट सुतळी ओढून एक खुंटी काढतो, ही दुसरी. खुंटी निघाली की गोटी उतरणीवरून घरंगळते. गोटी आगपेट्यांच्या रांगेला धक्का देते आणि पंचवीस पेट्या एकीवर एक कोसळतात. शेवटची पेटी एका खेळण्यातल्या ट्रकची अडण काढते. ट्रकात वजनाला खिळे भरलेले, आणि पुढे मातीचे दोन बैल चिकटवलेले. ते धावेवरून खाली उतरतात आणि मोट वर चढते. मोट थारोळ्यात रिकामी होते. ते पाणी पाटाने वाहत तराजूच्या एका पारड्यात जाते. ते पारडे खाली बसले की दुसरे वर उचलले जाऊन आणखी एक गोटी सोडते. ती गोटी लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळलेल्या नळीतून मळसूत्रासारखी फिरत उतरते. खाली ती एक पाचर ढकलते. पाचर निघाली की रहाट सुटतो, सुतळी गुंडाळली जाते, बाहुलीचा हात कलतो आणि हातातले नाणे तबकात! झाल्या बारा.

तरफ, उतरण, पाचर, मळसूत्र, कप्पी आणि आसावरचे चाक. शाळेच्या पुस्तकात ‘साधी यंत्रे’ म्हणून जी सहा शिकवतात, ती सहाही इथे हजर होती. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, पण ही सहा कधी एका ओळीत उभी केली नव्हती. वास्तविक ती आपल्या स्वयंपाकघरातच असतात. अडकित्ता म्हणजे तरफ. सुपारीला दात लावणाऱ्याचे काम तो लांब दांड्याने हलके करतो. विळीचे पाते म्हणजे पाचर. विहिरीवरचा रहाट म्हणजे आसावरचे चाक. आणि पितळी सोऱ्याचा दांडा फिरवून चकली पाडतात ते मळसूत्र. इंजिनियरसाहेबांना खरे म्हणजे सोऱ्याच हवा होता. पण फराळ होईपर्यंत तो मिळणार नाही असे त्यांच्या आईने बजावल्यामुळे बरणीवर भागवावे लागले. या सगळ्या यंत्रांचा कायदा एकच : जोर वाचवाल तर अंतर वाढेल. फुटकळ बळाने मोठे ओझे उचलता येते, पण हात तितका लांब फिरवावा लागतो. फुकट कोणी काही देत नाही.

कायद्याचा असा उफराटा उपयोग करणारा आमचा नातू जगात पहिला नव्हे. अमेरिकेत रूब गोल्डबर्ग नावाचे एक व्यंगचित्रकार होऊन गेले (१८८३–१९७०). शिक्षणाने इंजिनियर, काही दिवस सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी-गटार खात्यात नोकरी. नोकरी सोडून त्यांनी चित्रे काढली ती अशाच यंत्रांची. १९३१ सालच्या एका चित्रात एक गृहस्थ सूप पीत आहेत. चमचा तोंडाशी गेला की दोरी ओढली जाते, बिस्किट उडते, पोपट झेपावतो, दाणे बादलीत पडतात, लायटर पेटतो, अग्निबाण सुटतो, विळा दोरी कापतो आणि शेवटी लंबकाला बांधलेला रुमाल गृहस्थांची हनुवटी पुसतो! आज इंग्रजी शब्दकोशांत त्यांच्या नावाचे विशेषण होऊन बसले आहे, आणि तिकडची मुले अशी यंत्रे बांधण्याच्या स्पर्धा लावतात. म्हणजे द्राविडी प्राणायाम केवळ आपल्याकडेच चालतो असे मानायचे कारण नाही.

मी नकाशा नीट पाहून फोन केला.

“पाटावर कोण बसणार?”

“तुम्ही. तुमचं वजन किती?”

“अडुसष्ट किलो.”

“बरोब्बर. मी त्याच हिशोबानं चेंडू घेतलाय.”

“आणि मी नाही आलो तर? दुसरं कुणी बसलं तर चालेल की.”

“आजीला दुसरा भाऊ आहे का?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याजवळ उत्तर नव्हते. काचेवर बोट टेकवून ही पायरी होणार नव्हती. अडुसष्ट किलो स्वतःच उचलून सांगलीला न्यावे लागणार होते.

प्रश्न राहिला मोटेचा. इंजिनियरसाहेबांनी प्लास्टिकच्या पिशवीची मोट केली होती; पण ती निम्म्या वाटेवरच गळे. मी तासभर फोनवर समजावले, त्याला कळेना. शेवटी दुसऱ्या दिवशी उठलो आणि लिंबला गेलो. साताऱ्यापासून पंधरासोळा किलोमीटरांवर लिंब गाव, आणि तिथे ती प्रसिद्ध बारामोटेची विहीर. छत्रपती शाहूमहाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. आठ कोनांची, सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची. आमराईला पाणी मिळावे म्हणून एवढा खटाटोप. नाव बारामोटेचे, पण काठावर जागा आहे पंधरा मोटांची. थोरले काम करणारी माणसे नाव देताना हात राखून देतात!

मोटा कधीच बंद झाल्या आहेत. पण काठावरच्या त्या जागा पाहिल्या आणि लहानपणीचा आमचा मळा डोळ्यांपुढे आला. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, आणि तिच्या बुडाला दोन्हीकडे तोंड असलेली लांब सोंड. मोटेला वरून बांधलेला जाड दोर तो नाडा; तो उंचावरच्या चाकावरून जातो. सोंडेच्या तोंडाला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. तो खाली काठालगतच्या लाकडी कण्यावरून जातो. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. बैल धावेवरून उतरू लागले की मोट आणि सोंडेचे तोंड बरोबरीने वर येतात. तोंड वर दुमडलेले असते म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आल्यावर नाडा मोटेला उंच चाकाकडे नेतो, आणि सोंदूर सोंडेला खालच्या कण्यावरून थारोळ्यात ओढतो. झाले, पाणी धो धो पाटाला लागते. झडप नाही, तोटी नाही, माणूस नाही. फक्त दोन दोरांच्या लांबीतला हिशोब. ज्या कोणा अनाम शेतकऱ्याने तो पहिल्यांदा बसवला, त्याला मी त्या काठावर मनोमन हात जोडले. आणि बैल उतरताना नाड्यावर बसून झोका घेणारी परकरातली आक्काही आठवली. मी लहान म्हणून मला कुणी बसू देत नसे. ती मला पुढ्यात घेऊन बसे.

घरी येऊन सोंदराचे माप कळवले : पिशवी गळते, कारण सोंदूर लांब आहे. आखूड कर.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी गाडीत बसलो. पूर्वी सांगली जिल्ह्याचा काही भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. थोडक्यात, त्यांचीही वाटणीच. फरक एवढाच, की त्यांनी बोलणे सोडले नाही. गाडी कऱ्हाड सोडून किर्लोस्करवाडीला थांबली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या या माळावर कारखाना उभा केला. त्याआधी, १९०३ मध्ये, त्यांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून सुरुवातीला कोणी तो घेईना. नांगर म्हणजे तरी काय, एक पाचरच! साधे यंत्र लोकांच्या गळी उतरवणे किती अवघड असते, ते त्यांना विचारावे. मी खिडकीशी बसून माझे साधे वाक्य जुळवत होतो. सांगली आली तरी ते जुळले नव्हते.

आक्काने दार उघडले. माझ्याकडे पाहिले आणि मागे वळून नातवाला म्हणाली, “त्यांना विचार, चहा आत्ता घेणार का अंघोळीनंतर.” तो मला म्हणाला, “चहा आत्ता का नंतर?” मी त्याला म्हणालो, “आत्ता.” तो तिला म्हणाला, “आत्ता.” यंत्र माझ्या आधीच सुरू झाले होते.

माजघरातले यंत्र पाहून मात्र मी चाट पडलो. शेवटी उभी होती ती लाकडी बाहुली, सांधे दोऱ्यांनी हलणारी. “विष्णुदासांच्या गावात बाहुली नको का?” असे आजीने सुचवल्याचे कळले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाचा पाया घातला, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यांनी दोऱ्यांवर नाचणाऱ्या लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, हे फारसे कुणाला माहीत नसते. त्या बाहुल्यांना पुढे रामदास पाध्यांनी पुन्हा उभे केले. आक्काला हे ठाऊक असायचेच. सगळे माहीत असण्याचा वसा आमच्या घरात मी एकट्याने घेतलेला नाही.

रात्री दहा वेळा चालवून पाहिले. दोनदाच शेवटापर्यंत गेले. इंजिनियरसाहेब रडकुंडीला आले. मी कागदावर हिशोब मांडला. समज, तुझी प्रत्येक पायरी दहापैकी नऊ वेळा बिनचूक चालते. चांगलीच म्हणायची. पण बारा पायऱ्या ओळीने बिनचूक चालण्याचा योग शंभरात फक्त अठ्ठावीस. प्रत्येक पायरी शंभरात नव्व्याण्णव वेळा चालली, तर तोच योग शंभरात अठ्ठ्याऐंशीवर जातो. म्हणजे सगळे यंत्र दुरुस्त करू नकोस. कुठे अडते ते पाहा आणि तेवढेच नीट कर. त्याने वहीत खुणा मांडल्या. सर्वांत जास्त खुणा मोटेवर. तो झोपल्यावर मी गुपचूप उठलो आणि गळती राहू नये म्हणून सोंदूर आणखी दोन बोटे आखडून बांधला.

सकाळी पाट मांडला, रांगोळी झाली. आक्का तबक घेऊन आली. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. घरची सारी मंडळी भिंतीला टेकून उभी. मी बसलो. पाट कलला. खुंटी निघाली, गोटी सुटली, आगपेट्या कोसळल्या, बैल निघाले, मोट वर आली आणि थारोळ्याच्या काठाखाली दोन बोटांवर येऊन थांबली. ट्रक धावेच्या मध्यावर अडून राहिला. माजघरात कुणी श्वास घेईना. इंजिनियरसाहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

आक्काने तबक बाजूला ठेवले. चष्मा सारखा करून वाकली.

“हा सोंदूर कुणी बांधला?”

“मी,” मी म्हणालो.

“फार आखडून धरलायस. सोंड आधीच कण्याला लागली, मग मोट वर येणार कशी? सैल सोड थोडा.”

तीन वर्षांत ती माझ्याशी, दुसऱ्या कुणाकरवी नव्हे तर माझ्याशी, बोलली ती ही वाक्ये. मी गुडघ्यावर बसून गाठ सोडली. हात थरथरत होता. वयच झाले आहे. गाठ सोडता सोडता, जुळवलेले वाक्य बाजूला ठेवून म्हणालो,

“आक्का, वाडा विकायच्या आधी तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं.”

“हवं होतं,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “मी काय नको म्हटलं असतं? वीकच म्हणाले असते. एकट्याला तो शाकारणं झेपत नव्हतं, ते मला दिसत नव्हतं का? पण विचारायचं असतं रे.”

“हो.”

“बांधलास? आता बस पाटावर. पुन्हा पहिल्यापासून.”

“पुन्हा पंचवीस आगपेट्या!” असे कुणीतरी कुरकुरले, बहुधा इंजिनियरसाहेबांचे वडील. पण सगळे खाली बसले आणि पेट्या लावू लागले. अर्धा तास गेला. निरांजनात दोनदा तूप घालावे लागले. मी पुन्हा बसलो. या खेपेस पाणी थारोळ्यात पडले, पारडे बसले, बरणीभोवतीची गोटी खडखडत उतरली, पाचर निघाली, रहाट फिरला, बाहुलीचा हात कलला. नाणे तबकाच्या काठावर टण्णकन आपटले, उडाले आणि गडगडत थेट कपाटाखाली गेले.

सगळे हसले. इंजिनियरसाहेब काठी आणायला धावले.

“राहू दे रे,” आक्का म्हणाली, आणि माझ्यापुढे तबक धरून, “तू आपला हातानं घाल.”

मी हाताने घातली.

यंदा यंत्र चौदा पायऱ्यांचे होणार असल्याचा निरोप सांगलीहून आला आहे. दोन मोटा जोडायच्या आहेत, आणि सोऱ्याची परवानगी मिळाली आहे. माझ्याकडे वजनाची चौकशी झाली. पाऊण किलो वाढले आहे असे मी कळवले. चेंडू थोडा घट्ट घेतील. पहिली पायरी तेवढी बदललेली नाही.